पालथा पेला

पूर्वी आमच्या बडोद्यातील मराठी घरांतून सुटीचे बेत ठरत ते चांदोद, डाकोर, फार तर पंढरपूर-कोल्हापूर आणि कोकणातील आजोळ यांच्या परिघात. आता मुले पुण्या-बंगळुरास नोकरीला आहेत, त्यांच्या हाती चार पैसे खेळतात, आणि आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस त्यांना समुद्रावर साजरा करावासा वाटतो. मुंबईहून गोव्याकडे जाणारी, किंवा विमानाने सिंगापूर गाठल्यावर तेथून पेनांग-फुकेतपर्यंत हिंडवून आणणारी सहलीची जहाजे आपल्या माणसांनाही परिचयाची झाली आहेत. तिकिटे हाती पडली की मुलांना आनंद होतो. वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र एक शंका हळूच डोके वर काढते. शाकाहारी अन्न मिळेल की नाही, ही ती शंका नव्हे. ते मिळते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. शंका असते ती अशी, की जेथे रात्रीच्या जेवणाच्या मेजावर प्रत्येकापुढे वाइनचा पेला मांडलेला असतो, तेथे न पिणाऱ्याने बसावे तरी कसे?

हा प्रश्न गुजरातेत राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींना जरा अधिकच नवा वाटतो. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, तेव्हा १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा या राज्याने आपलासा केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’पुरती दिलेली सवलत आणि परवान्यांचे काही अपवाद सोडले, तर तो आजही लागू आहे. ज्यांना हवी असते त्यांना ती मागील दाराने मिळते, हेही कोणा बडोदेकरास नव्याने सांगावयास नको. परंतु सामान्य घरातल्या माणसाच्या वाट्याला ‘घ्या ना थोडी’ असा उघड आग्रह येथे सहसा येत नाही. त्यामुळे आपण पीत नाही हे आपण ठरविले आहे की सरकारने, याचा विचार करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. जहाज किनारा सोडते तेव्हा ती येते.

जहाज आणि दारू यांची सोयरीक मात्र फार जुनी आहे, आणि तिचे मूळ चैनीत नसून सोयीत आहे. शिडाच्या जहाजांवर गोडे पाणी लाकडी पिंपांतून नेत. काही आठवड्यांत त्याला शेवाळ धरे, वास येई. बिअर त्या मानाने टिके, म्हणून इंग्रजी आरमारात खलाशाला रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, बिअर शिध्यातच मिळत असे. लांबच्या सफरीवर बिअरची जागा रमने घेतली. ती नुसती पिऊन खलाशी झिंगू लागले, तेव्हा १७४० साली ॲडमिरल व्हर्नन याने अर्ध्या पाइंट रममध्ये चौपट पाणी मिसळून ती दिवसातून दोन वेळा वाटण्याचा हुकूम काढला. व्हर्नन ‘ग्रोग्रॅम’ नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घाली, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. त्यावरून या पाणीदार रमला ‘ग्रॉग’ हे नाव पडले. इंग्रजी आरमारातील ही रमची वाटणी थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होती. अमेरिकेच्या आरमाराने मात्र १ जुलै १९१४ पासूनच आपल्या जहाजांवर मद्याला बंदी केली होती. दारूवाचून जहाज चालत नाही, ही समजूत त्यामुळे कितीतरी आधीच खोटी ठरली.

मद्यरहित पेयाचा इतिहासही समुद्रावरच घडला, हे पुष्कळांना माहीत नसते. स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजून, दात हलू लागून खलाशी मरत. जेम्स लिंड या नाविक शल्यवैद्याने १७४७ साली बारा रोग्यांना दोन-दोनच्या जोड्यांत निरनिराळे उपचार देऊन पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली ते झपाट्याने सुधारले. लिंबाचा रस पुढे आरमारात आला खरा, पण तो टिकावा म्हणून त्यात दारू घालावी लागे. १८६७ साली लॉकलन रोझ या स्कॉटिश व्यापाऱ्याने दारू न घालता हा रस टिकविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने व्यापारी जहाजांवरील खलाशांना लिंबाचा रस देणे सक्तीचे केले. आज जहाजावर जो ‘लाइम कॉर्डियल’ मिळतो, त्याची वंशावळ अशी आरोग्याच्या घराण्यातली आहे.

आता पाण्याची अडचणही उरलेली नाही. मोठी जहाजे समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करून, किंवा सूक्ष्म पडद्यांतून दाबाने गाळून, हवे तेवढे गोडे पाणी वाटेतच तयार करतात. मग मेजावर वाइनचा पेला अजून का? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. प्रवाशाने तिकिटात भरलेल्या पैशात राहणे आणि नेहमीच्या भोजनगृहातील जेवण येते. मद्य, बाटलीबंद पेये, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. जगातील बड्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग या वरच्या खर्चातून येतो. तेव्हा वेटर हसतमुखाने वाइनची यादी पुढे करतो, त्यात तुमच्या निर्व्यसनीपणाचा अवमान नसतो; तो आपल्या धन्याची विक्री करीत असतो. हे एकदा ध्यानात आले की संकोचाचे निम्मे ओझे उतरते. विक्रेत्याला ‘नको’ म्हणणे आपल्या मंगळबाजारात वाढलेल्या कोणाही गृहिणीला शिकवावे लागत नाही.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी येथेच सांगून टाकतो. बहुतेक जहाजांवर जेवणाबरोबर साधे पाणी, चहा, कॉफी आणि न्याहारीला फळांचा रस वेगळे पैसे न देता मिळतात. पेयांसाठी रोजच्या दराने एकरकमी पैसे भरण्याची योजना असते. तीत मद्याची आणि बिनमद्याची असे प्रकार असतात. अनेक कंपन्यांचा नियम असा, की एका खोलीतील एका प्रौढाने मद्याची योजना घेतली तर दुसऱ्यानेही ती घेतलीच पाहिजे. सासरे आणि जावई एका खोलीत असतील तर हा नियम आधी विचारून घ्यावा, म्हणजे न पिणाऱ्याला पिणाऱ्याचा दंड भरावा लागणार नाही.

पैशांपेक्षा नावांचा घोटाळा मोठा आहे. भाषेच्या शिक्षकाला या ठिकाणी शब्दांची गंमत वाटावी, पण पथ्य पाळणाऱ्याच्या ती जिवावर येऊ शकते. ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ या पेयात चहाचा थेंबही नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याच्या सालीची एक गोड दारू, असा तो पंचमहाभूतांचा मेळा असतो. उलट ‘रूट बिअर’ या नावात बिअर आहे, पण पेयात सहसा मद्य नसते. ‘सायडर’ अमेरिकनाने मागितला तर बहुधा सफरचंदाचा रस येतो, इंग्रजाने मागितला तर सफरचंदाची दारू. ‘शँडी’ म्हणजे लिंबाचे पेय घातलेली बिअर. ‘पंच’ हा शब्द तर आपल्याच ‘पाच’वरून, पाच पदार्थांच्या मिश्रणावरून, गेला असे मानतात, परंतु माहेरचे नाव ऐकून त्यावर भरवसा ठेवू नये, कारण त्यात रम असते आणि नसतेही. स्वागतसमारंभाच्या तबकात संत्र्याच्या रसाचे आणि संत्र्याच्या रसात शँपेन घातलेल्या ‘मिमोसा’चे असे दोन्ही पेले शेजारी शेजारी मांडलेले असू शकतात, आणि दोहोंचा रंग जवळपास एकच दिसतो. ‘यात मद्य आहे का?’ हा एक सरळ प्रश्न विचारण्यात कोणताही अडाणीपणा नाही.

ताटातील पदार्थांचेही तेच. कांद्याचे फ्रेंच सूप, इटालियन पद्धतीचा रिसोटो भात, चीजचा फाँड्यू यांत पांढरी वाइन घालण्याची रीत आहे. तिरामिसूत गोड वाइन किंवा रम, ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू, ट्रायफलमध्ये शेरी असते. शिजविल्यावर मद्य उडून जाते ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार पदार्थावर दारू ओतून तो पेटविला, तर ज्वाला विझल्यावरही सुमारे ७५ टक्के मद्य त्यात शिल्लक राहते. अर्धा तास शिजविल्यास ३५ टक्के, आणि अडीच तास शिजविल्यास ५ टक्के. दिवे मंद करून, पेटते गोड पदार्थ मिरवीत आणण्याचा सोहळा काही जहाजांवर होतो. तो डोळ्यांनी अवश्य पाहावा. जिभेने चाखण्यापूर्वी विचारावे. पहिल्याच दिवशी दुपारी मुख्य वेटरला आपले पथ्य सांगून ठेवले, तर पुढची सर्व विचारपूस तोच करतो. ज्या माणसाला दाण्याच्या कुटाची आणि गव्हाची पथ्ये रोज सांभाळावी लागतात, त्याला हे एक पथ्य जड नसते.

आता बसावे कसे, या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांनी ‘ऑलिंपिया’ हे अख्खे जहाज भाड्याने घेतले आणि चांदीच्या प्रचंड घटांतून गंगाजल बरोबर नेले. ते घट आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. म्हणजे आपले सर्व जग बरोबर न्यावयाचे, परक्या मेजाचा प्रश्नच उत्पन्न होऊ द्यावयाचा नाही. हा मार्ग महाराजांनाच परवडणारा.

दुसरा मार्ग त्याच्या चौदा वर्षे आधी एका भिडस्त तरुणाने चोखाळला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने निघाले, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष आईपाशी केली होती. बोटीवर काटे-चमचे धरता येईनात, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर होईना. म्हणून घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर ते बहुतेक दिवस आपल्या खोलीतच जेवले. आत्मकथेत त्यांनी एका सहृदय इंग्रज प्रवाशाची गोष्ट सांगितली आहे. त्याने मांस खाण्याचा परोपरीने आग्रह केला, मात्र दारू घेण्याबद्दल आपण सांगत नाही, असेही आवर्जून म्हटले. प्रतिज्ञा शाबूत राहिली. सहवास मात्र गेला.

पण त्याच तरुणाला पुढे तिसरा मार्ग सापडला. लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी विद्यार्थ्यांना ठरावीक भोजनांना हजर राहावे लागे. तेथे चौघांच्या गटाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी वाइनला शिवत नसत, म्हणून आपल्या चौकडीत ते असावेत अशी विद्यार्थ्यांत चढाओढ लागे. कारण मग दोन बाटल्या तिघांत संपविता येत. पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी यांवर समाधान मानून ते त्यांच्यात बसत. न पिणारा माणूस पिणाऱ्यांना नकोसा होतो, हा समज या एका प्रसंगाने खोडून निघतो. नकोसा होतो तो उपदेश करणारा. जो आपले पाणी पितो आणि दुसऱ्याच्या पेल्याकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहत नाही, त्याला कोणत्याही मेजावर जागा मिळते.

काहींना वाटते, की बसल्याबरोबर पेला पालथा घालून ठेवावा, म्हणजे वेटर पुन्हा विचारावयाचा नाही. तो विचारीत नाही हे खरे. पण पालथा पेला सबंध जेवणभर एका पाटीसारखा मेजावर उभा राहतो, आणि शेजारचा उगाच अवघडतो. ‘मला नको, हा पेला न्या आणि पाणी आणा,’ एवढे सौम्यपणे सांगितले की वेटर पेला उचलून नेतो. मग वाचण्यासारखी पाटी उरत नाही आणि मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात.

हे सर्व शिष्टाचाराचे झाले. पण काही माणसांसाठी तो पेला शिष्टाचाराचा विषय नसतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, सांगतो. बंदीच्या राज्यात राहूनही तारुण्यात त्यांना दारूचे व्यसन जडले. त्यात नोकरी जाण्याची वेळ आली, घर मोडता मोडता राहिले. पुढे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या आधाराने ते सुटले, त्याला आता अठरा वर्षे झाली. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर मुलगा, सून आणि मुलाचे सासू-सासरे यांच्यासह ते गेले होते. सुनेला सर्व ठाऊक होते, व्याह्यांना नव्हते. दुसऱ्या रात्री व्याह्यांनी मोठ्या प्रेमाने आग्रह आरंभिला. व्याह्यांचा आग्रह म्हणजे काय चीज असते हे वाचकांस सांगणे नको. जिलबीच्या पंगतीत तो मोडताना भल्याभल्यांचे पोट बिघडते. “अहो, एक घोट घ्या. आता कुठे आपण गुजरातेत आहोत?” असे ते म्हणाले. गृहस्थांनी शांतपणे उत्तर दिले, “माझी दारू गुजरातने बंद केली नव्हती. मी केली होती.” क्षणभर मेज स्तब्ध झाले. मग व्याह्यांनी आपल्या पेल्यावर हात ठेवला, आणि वेटरला सांगितले, “आज आम्हां दोघांनाही लिंबाचा सोडा आणा.”

त्या गृहस्थांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. अनेक सहलीच्या जहाजांवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू’ अशी एक ओळ असते. इतरांना ती एखाद्या खाजगी मेळाव्याची वाटते. १९३५ साली अमेरिकेत ज्या दोघांनी या संघटनेचा आरंभ केला, त्यांपैकी बिल विल्सन यांचे हे नाव आहे. दारू सोडलेल्या प्रवाशांना एकमेकांना भेटता यावे म्हणून ही खूण ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी ते त्या खोलीत गेले. तेथे दोन परदेशी म्हातारे बसले होते. भाषा धड जुळत नव्हती, पण पाऊण तास ते तिघे एकत्र बसले. आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून जे काम चालविले आहे, त्याचे मर्मही हेच आहे : ज्याने तो पेला ओळखला आहे, अशा दुसऱ्या माणसाची सोबत.

जहाजाच्या इतिहासातील एक प्रकरण मी मुद्दामच शेवटी ठेवले आहे. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हा कायदा अमेरिकेच्या सागरी हद्दीत परक्या जहाजांनाही लागू पडतो, पण त्या हद्दीबाहेर तो अमेरिकन जहाजांनाही लागू नाही. ही हद्द त्या काळी तीन मैलांची होती. मग काय झाले? कोठेही न जाणाऱ्या सफरी निघू लागल्या. जहाज बंदर सोडी, हद्द ओलांडी, प्रवासी पोटभर पीत, आणि जहाज त्यांना जेथून उचलले तेथेच आणून सोडी. आजच्या लहान मुदतीच्या सागरी सहलींना त्या काळात बरीच चालना मिळाली.

कायद्याला असा किनारा असतो. तीन मैल असो, आजचे बारा सागरी मैल असोत, की राज्याच्या सीमेवरचा नाका असो. त्यापलीकडे तो आपल्या बरोबर येत नाही. म्हणून कायदा निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या बाईचा नवरा पगार घेऊन सरळ घरी येतो, तिला त्याचे मोल विचारावे. पण मुलांना आपण एवढेच शिकविले असेल, की ‘आपल्याकडे चालत नाही’, तर ज्या दिवशी ती ‘आपल्याकडे’ नसतील त्या दिवशी त्यांच्यापाशी काही उरणार नाही. आपली पुष्कळ मुले आज बडोद्याबाहेर आहेत. का घेत नाही, याचे स्वतःचे उत्तर त्यांच्यापाशी असले पाहिजे. आणि जो घेत नाही त्याला दुसऱ्यांदा विचारू नये, हा संस्कारही. आग्रह ही आपल्या पाहुणचाराची शोभा खरी. तो पुरणपोळीपुरता ठेवावा.

तेव्हा ज्यांनी तिकिटे काढली आहेत त्यांनी निःशंक जावे. मुख्य वेटरला पहिल्या दिवशीच सांगावे, तबकातल्या संत्र्याच्या रसाबद्दल विचारावे, सर्वांच्या मेजावर बसावे आणि खोलीत लपून खाऊ नये. सूर्य मावळताना समुद्राकडे पाहत लिंबाचा सोडा घ्यावा. तो मागताना कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.